चार्ल्स डिकन्सच्या घरचा नाताळ

आपल्याकडील विद्यार्थ्यांना चार्ल्स डिकन्स हें नांव बहुधा दोन ठिकाणीं भेटतें. ऑलिव्हर ट्विस्ट नांवाचा अनाथ पोर वाडगें पुढें करून आणखी पेज मागतो त्या प्रसंगांत, आणि स्क्रूज नांवाचा कंजूष म्हातारा नाताळच्या रात्रीं भुतें पाहून सुधारतो त्या गोष्टींत. दोन्ही ठिकाणीं थंडी आहे, भूक आहे आणि एक मूल आहे. हें मूल त्यानें कोठून आणिलें, हें त्याच्या हयातींत फारच थोड्यांना ठाऊक होतें. त्याच्या पोटच्या मुलांनाहि तें ठाऊक नव्हतें.

चार्ल्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ येथें झाला. आठ भावंडांत तो दुसरा. बाप जॉन डिकन्स आरमाराच्या पगारकचेरींत कारकून होता. माणूस मोठा आनंदी, बोलण्यांत भारदस्त, पाहुण्यारावळ्यांचा हौशी. परंतु मिळकतीपेक्षां खर्च अधिक, हा त्याचा जन्माचा रोग. १८१७ पासून हें कुटुंब केंट परगण्यांतील चॅटम येथें राहिलें, आणि तीं पांच वर्षें चार्ल्सच्या बालपणांतील सुखाचीं ठरलीं. बापाबरोबर फिरावयास जातांना गॅड्स हिल नांवाच्या टेकडीवरील एक घर त्याला फार आवडे. खूप मेहनत केल्यास एखादे दिवशीं तें घर आपलें होईल, असें बाप त्याला सांगे. मेहनतीचा हा उपदेश बापानें स्वतः कितपत पाळला, तें लवकरच दिसून आलें.

१८२२ मध्यें सर्व मंडळी लंडनला आलीं आणि कर्ज वाढत गेलें. घरांतील पुस्तकें विकलीं गेलीं. तीं विकावयास चार्ल्सलाच पाठवीत. १८२४ च्या फेब्रुवारींत, बारावें वर्ष पुरें होतें न होतें तोंच, त्याला टेम्स नदीच्या कांठीं हंगरफर्ड स्टेअर्स येथील एका कारखान्यांत कामास लाविलें. तेथें बुटांना लावावयाचें काळें, म्हणजे ब्लॅकिंग, तयार होत असे. इमारत मोडकळीस आलेली, खालीं उंदरांचा सुळसुळाट. काळ्यानें भरलेल्या बरण्यांवर आधीं तेलकट आणि मग निळा कागद घालावा, सुतळीनें बांधावा, कडा नीट कापाव्या आणि वर छापील चिठी चिकटवावी, असें त्याचें काम होतें. मजुरी आठवड्यास सहा-सात शिलिंग. या धंद्यांत वॉरेन हें नांव प्रसिद्ध होतें. खरा नांवाजलेला वॉरेन ३० नंबर, स्ट्रँड येथें. चार्ल्सचा कारखाना त्याच्याच एका नातलगाचा, स्ट्रँडजवळच, आणि त्याचाहि नंबर ३०! गिऱ्हाइकाची गफलत व्हावी अशीच ती योजना होती.

चार्ल्स कामास लागून थोडे दिवस झाले नाहींत तोंच बापाला कर्जापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्या काळच्या चालीप्रमाणें आई व लहान भावंडेंहि पुढें तेथेंच राहावयास गेलीं. चार्ल्स मात्र बाहेर भाड्याच्या खोलींत एकटा राही, आठवड्याच्या मजुरीचे भाग पाडून त्यावर गुजराण करी आणि रविवारीं तुरुंगांत जाऊन सर्वांना भेटे. सुमारें तीन महिन्यांनीं बाप सुटला. कांहीं काळानें त्यानें मुलाला कारखान्यांतून काढून शाळेंत घातलें. परंतु आईचें मत त्यानें कामावर परत जावें असें होतें. ही गोष्ट चार्ल्स जन्मभर विसरला नाहीं. तिला बिचारीला पोटाची काळजी होती हें आपण आज म्हणूं शकतों. बारा वर्षांच्या मुलाला तें कसें पटावें?

शाळा थोडीच वर्षें झाली. पंधराव्या वर्षीं तो एका वकिलाच्या कचेरींत लागला, आणि फावल्या वेळीं गर्नी-पद्धतीचें लघुलेखन शिकला. या लिपींत स्वरांना बहुतेक फांटाच दिलेला असतो. एकाच खुणेवरून दोन-तीन शब्द संभवतात, आणि बोलणाऱ्याचा सूर ध्यानांत ठेवूनच खरा शब्द ओळखावा लागतो. पार्लमेंटांतील भाषणें टिपून घेणारा बातमीदार म्हणून त्यानें नांव कमावलें. कान तयार झाला तो येथें. पुढें त्याच्या कादंबऱ्यांतील गाडीवान, मोलकरणी, वकील आणि चोर ज्याच्या त्याच्या इंग्रजींत बोलूं लागले, त्याचें बीज या मेहनतींत आहे.

त्याचें टोपणनांव बोझ. त्याची कथा मौजेची आहे. ऑगस्टस नांवाच्या धाकट्या भावाला तो गोल्डस्मिथच्या कादंबरींतील एका पात्रावरून मोझेस म्हणे. हें नांव नाकांतून उच्चारलें कीं बोझेस होई, आणि त्याचें आखूड रूप बोझ. सर्दी झाली असतां म चा ब होतो, हा अनुभव आपल्याहि घरीं येतो. परंतु त्यावर एखाद्यानें आपली ग्रंथकीर्ति उभारल्याचें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१८३६ सालीं तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. फेब्रुवारींत बोझचें पहिलें पुस्तक निघालें, एप्रिलमध्यें कॅथरिन होगार्थ हिच्याशीं त्याचें लग्न झालें, आणि त्याच सुमारास पिकविक पेपर्स ही कादंबरी महिन्याच्या महिन्यास प्रसिद्ध होऊं लागली. आरंभीं तिचा खप जेमतेम होता. मग तींत सॅम वेलर नांवाचा नोकर आला, आणि खप वाढत वाढत चाळीस हजारांवर गेला. हा सॅम लंडनच्या हलक्या वस्तींतला. त्याच्या तोंडीं व्ही या अक्षराचा डब्ल्यू होतो आणि डब्ल्यूचा व्ही. कोर्टांत न्यायाधीशानें विचारिलें असतां स्वतःचें आडनांव कोणत्या अक्षरानें लिहावें याचीहि त्याला पर्वा नाहीं. मराठींत दोहोंसाठीं एकच व असल्यामुळें सॅमची ही अडचण आपल्या इंग्रजीच्या वर्गांत घरचीच वाटेल.

पिकविकमध्येंच खेड्यांतील नाताळाचें एक प्रसन्न वर्णन आहे. परंतु त्याचें खरें नाताळचें पुस्तक, अ ख्रिसमस कॅरल, १८४३ मधील. त्या वर्षीं खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयींचा सरकारी अहवाल त्यानें वाचला, आणि सप्टेंबरांत लंडनच्या फील्ड लेनमधील निराधार मुलांची फुकट शाळा पाहिली. प्रथम एखादें पत्रक लिहावें असें त्याच्या मनांत होतें. मग त्यानें गोष्टच लिहावयास घेतली. सुमारें सहा आठवड्यांत ती पुरी झाली. रात्रीं लंडनच्या ओसाड रस्त्यांतून मैलचे मैल चालत तो ती मनांत रचीत असे. १९ डिसेंबरला पुस्तक निघालें आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. किंमत पांच शिलिंग. गोष्टींतील गरीब कारकून बॉब क्रॅचिट याचा पगार आठवड्यास पंधरा शिलिंग. म्हणजे त्याला स्वतःचीच गोष्ट विकत घ्यावयाची तर पगाराचा तिसरा हिस्सा गेला असता. शिलिंगला बोलीभाषेंत बॉब म्हणतात. तेव्हां या बॉबला पंधरा बॉब मिळत, असा श्लेष लेखकानें साधला आहे. हा बॉब राहतो तो कॅम्डन टाउनमध्यें, जेथें कर्जबाजारी डिकन्स कुटुंब लंडनला आल्यावर राहिलें होतें. लेखकाला हजार पौंडांची आशा होती. छपाई व रंगीत चित्रें यांचा खर्च वजा जातां त्या सहा हजार प्रतींचे हातीं पडले सुमारें दोनशें तीस पौंड. स्क्रूज हा शब्द मात्र कंजूष या अर्थानें इंग्रजीच्या कोशांत जाऊन बसला.

या गोष्टींतील पानावर जे पदार्थ येतात त्यांचीं नांवें मुलांनीं कोशांत पाहावींत. चांगली करमणूक होते. प्लम म्हणजे आलुबुखार. परंतु प्लम पुडिंगमध्यें असतात मनुका आणि बेदाणे, कारण पूर्वीं सुक्या द्राक्षांनाहि प्लमच म्हणत. मिन्स पाय यांतील मिन्स म्हणजे खिमा. आज त्यांत फळांचें सारण असतें. टर्की हा पक्षी अमेरिकेंतला. इंग्रजांनीं त्याला नांव दिलें तुर्कस्तानचें, आणि पोर्तुगीज लोक त्यालाच पेरू म्हणतात! नाताळच्या दुसऱ्या दिवसाला बॉक्सिंग डे हें नांव आहे, परंतु त्याचा मुष्टियुद्धाशीं कांहीं संबंध नाहीं. नोकरचाकर व टपालवाले यांना द्यावयाच्या पोस्ताला बॉक्स म्हणत.

डिकन्सच्या स्वतःच्या घरीं हा सण दहा-बारा दिवस चाले. २४ डिसेंबरला तो मुलांना होबॉर्नमधील खेळण्यांच्या दुकानांत नेई, आणि पसंती होईपर्यंत कितीहि वेळ थांबे. थोरला मुलगा चार्ली ६ जानेवारीला, म्हणजे नाताळच्या बाराव्या दिवसाच्या उत्सवांत जन्मलेला. त्यामुळें त्या रात्रीं जादूचे खेळ, नाटकें, नाच यांची धमाल उडे. १८४३ च्या डिसेंबरांत एका नटमित्राच्या घरीं त्यानें मुलांसाठीं तासभर जादूचे प्रयोग केले. एका गृहस्थाच्या टोपींत कच्चें पीठ व कच्चीं अंडीं घालून त्यांतून वाफाळलेलें पुडिंग बाहेर काढिलें. एके वर्षीं मेमी व केटी या मुलींनीं त्याला पोल्का नाच शिकविला. आदल्या रात्रीं पाऊल विसरल्याचा धसका घेऊन हा गृहस्थ कडाक्याच्या थंडींत अंथरुणांतून उठला आणि काळोखांत एकटाच नाचून पाहूं लागला.

मुलांना नांवें ठेवण्याची त्याला विलक्षण हौस. केटी तापट, म्हणून ती ल्युसिफर बॉक्स, म्हणजे आगपेटी. सिडनी समुद्राकडे टक लावून पाही, म्हणून तो ओशन स्पेक्टर, समुद्रावरचें भूत. घरच्या उच्चारांत त्याचें होशन पेक झालें. हाच सिडनी पुढें आरमारांत गेला आणि १८७२ मध्यें जहाजावरच वारला. वॉल्टर हा दुसरा मुलगा, गालफडें वर आलेला, म्हणून यंग स्कल, म्हणजे छोटी कवटी.

वॉल्टरचा संबंध आपल्या देशाशीं आहे. मीरतचा उठाव होऊन दोनच महिने झाले होते. १८५७ च्या जुलैंत सोळा वर्षांचा वॉल्टर कंपनीच्या लष्करी नोकरीसाठीं हिंदुस्थानकडे निघाला. तेथें तो कर्जबाजारी झाला. आजोबांचा रोग नातवाच्या अंगीं उतरला होता. आजारी पडून रजेवर घरीं परतण्याच्या वाटेवर असतां ३१ डिसेंबर १८६३ रोजीं कलकत्त्याच्या इस्पितळांत तो एकाएकीं वारला, वय बावीस. ही बातमी इंग्लंडला पोंचली ती ७ फेब्रुवारीला, बापाच्या बावन्नाव्या वाढदिवशीं. वॉल्टरच्या थडग्याची शिला आज कलकत्त्यांतील साउथ पार्क स्ट्रीटच्या कबरस्थानांत आहे.

त्या वेळीं हें दुःख वांटून घेण्यास घरीं मुलांची आई नव्हती. १८५८ मध्यें, लग्नाला बावीस वर्षें होऊन व दहा मुलें झाल्यावर, डिकन्सनें पत्नीला वेगळें राहावयास लाविलें. एलन टर्नन नांवाच्या तरुण नटीकडे त्याचें मन गेलें होतें. घराची बाजू त्यानें वर्तमानपत्रांतून जगापुढें मांडिली; कॅथरिननें असें कांहींच केलें नाहीं. वॉल्टरच्या मृत्यूनंतर त्याची जुनी स्नेहीण, दानशूर अँजेला बर्डेट-कूट्स, हिनें उभयतांच्या समेटासाठीं रदबदली केली. त्यानें ती मानली नाहीं. ज्या लेखणीनें स्क्रूजचें हृदय एका रात्रींत पालटविलें, तिचा धनी येथें जराहि वाकला नाहीं. त्याच्या चरित्रांतला हा काळा डाग झांकण्याचें कारण दिसत नाहीं.

लहानपणीं पाहिलेलें गॅड्स हिलचें घर त्यानें १८५६ मध्यें विकत घेतलें होतें. तेथील नाताळाला पाहुण्यांची इतकी गर्दी होई कीं कांहींची सोय गांवांतील झोंपड्यांत करावी लागे. १८६६ च्या बॉक्सिंग डेला त्यानें घरामागच्या शेतांत गांवकऱ्यांसाठीं धांवण्याच्या शर्यती ठेविल्या. दोन-तीन हजार लोक जमले. मजुरांची गर्दी, त्यांत बिअरची विक्री. दंगा होणार असें अनेकांना वाटलें. परंतु संध्याकाळपर्यंत एकहि खुंट किंवा दोर जागचा हालला नाहीं. गरिबांवर भरंवसा ठेवण्याचें बळ त्याला कोठून आलें, हें वर सांगितलेंच आहे.

१८६९ चा नाताळ त्याचा शेवटचा. गांवोगांव पुस्तकवाचनाचे जाहीर कार्यक्रम करून प्रकृति ढांसळली होती. पाय सुजल्यामुळें चालवेना. रात्रीं घरचीं मंडळी स्मरणशक्तीचा एक खेळ खेळत बसलीं. एकानें एखादें नांव घ्यावें, दुसऱ्यानें तें म्हणून त्याला आपलें जोडावें, अशी माळ वाढत जाते. डिकन्सची पाळी आली. मागचीं सर्व नांवें त्यानें बिनचूक म्हटलीं आणि शेवटीं आपलें जोडलें: वॉरेनचें ब्लॅकिंग, तीस नंबर, स्ट्रँड. केंब्रिजहून सुटींत आलेला मुलगा हेन्री यानें बापाच्या डोळ्यांतील चमक आणि आवाजांतील फरक टिपला. परंतु त्यांत विशेष काय आहे, हें त्याला कळेना. खेळ पुढें चालू राहिला.

९ जून १८७० रोजीं डिकन्स गॅड्स हिल येथें वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याचें दफन झालें. त्यानंतर दीडएक वर्षानें त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर यानें लिहिलेल्या चरित्राचा पहिला भाग निघाला. मार्शलसी, निळे कागद, सुतळी आणि बरण्या, हें सर्व डिकन्सनें कधीं काळीं लिहून त्याच्या हवालीं केलें होतें, आणि तें त्यानें छापिलें. हेन्री पुढें लंडनमध्यें न्यायाधीश झाला. बापानें त्या खेळांत घेतलेलें नांव काय होतें, हें त्याला त्या छापील पानांवरून समजलें.