पिंपरीच्या मातीतले औषध

कोयनानगर परिसरात पावसाने मुक्काम ठोकला, की भातखाचरात राबणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांत अनेकदा कँडिडा हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आढळते. अशा बुरशींवर महाराष्ट्राच्या मातीतून औषध शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एम. जे. थिरुमलाचार.

१९१४ साली जन्मलेले थिरुमलाचार मूळचे कर्नाटकातले. बंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजात आणि बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. त्यांचा अभ्यास पिकांवरच्या तांबेरा आणि काणी या बुरशीजन्य रोगांचा. भारतातील काणी बुरशींवर डॉ. मुंडकूर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे थिरुमलाचार संशोधन विभागाचे प्रमुख झाले. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना मारण्यासाठी रसायने सोडतात. त्यांतून औषध वेचायचे, हे त्यांचे काम. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना 'हॅमायसिन' मिळाले. ते देणाऱ्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिकांच्या रोगांसाठीचे ऑरिओफंजिनही याच प्रयोगशाळेतले. १९९९ मध्ये थिरुमलाचार यांचे निधन झाले.

हॅमायसिन बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि आवरण गळू लागते. पुढे आलेली फ्लुकोनाझोलसारखी औषधे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. पण काही यीस्ट ही औषधे पंपासारखी बाहेर फेकतात. २००९ मध्ये जपानमध्ये नोंदलेले कँडिडा ऑरिस तर अनेक औषधांना दाद देत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला सर्वाधिक चिंतेच्या बुरशींत गणले.

नवे औषध मिळणे अवघड, म्हणून आता जुन्या औषधांच्या जोड्या तपासल्या जात आहेत. आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक काही यीस्टचा हा पंप अडवते आणि फ्लुकोनाझोल पुन्हा लागू पडते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

मात्र काचेच्या बशीत जमले ते शरीरात जमेलच असे नाही. फ्लुकोनाझोलमुळे काही वेदनाशामकांचे रक्तातील प्रमाण वाढते. त्यांचा त्रास पोटाला आणि मूत्रपिंडाला होऊ शकतो. त्यामुळे ही जोडी स्वतःहून घेऊ नये. चिखल्या झाल्या तर पाय कोरडे ठेवावेत. त्या बऱ्या होत नसतील, तर दुकानातून मिळेल ते मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेले औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावे.