शांत झोपेची तयारी दिवसाच करा

अंथरुणावर पडल्यावर विचार सुरू होतात आणि झोप दूर पळते, असा अनुभव तुम्हालाही येतो ना? मग महात्मा गांधींच्या जीवनाकडे एकदा पाहा.

मोकळ्या हवेत फिरण्याचे फायदे त्यांनी विद्यार्थिदशेतच वाचले आणि ती सवय लावून घेतली. लंडनमध्ये शिकताना गाडीभाडे वाचवून ते रोज आठ-दहा मैल चालत. पुढे दक्षिण आफ्रिकेत, १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर, ते दिवसा अंगमेहनत करत आणि रात्री उघड्या व्हरांड्यात झोपत.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले गेले. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, पुत्रासमान महादेवभाई देसाई तिथेच वारले. झोप उडवणारेच हे दुःख! तरीही बापूंचे फिरणे थांबले नाही. ते रोज फुले घेऊन महादेवभाईंच्या समाधीपर्यंत चालत जात. त्याच महिन्यात त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहायला घेतले. सूर्यप्रकाश अंगावर घ्यावा, उघड्या आकाशाखाली झोपावे, असे त्यांनी त्यात सुचवले.

सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि चालण्याने रात्री गाढ झोप लागायला मदत होते. उद्या सकाळी अर्धा तास बाहेर पडा आणि रोज त्याच वेळी जा. निद्रानाश जुना असेल तर डॉक्टरांनाही अवश्य भेटा. दुःख टळेलच असे नाही. पण ते सोबत घेऊनही तुम्ही उजेडात चालू शकता.