घर न सोडता मठाशी जोडलेली : रोमची संत फ्रान्सिस्का

संत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मठ उभा राहतो. ९ मार्च रोजी ख्रिस्तसभा जिचे स्मरण करते, ती रोमची संत फ्रान्सिस्का मात्र चाळीस वर्षे संसार करणारी गृहिणी होती.

तिचा जन्म १३८४ सालचा, रोममधील श्रीमंत घराण्यातला. धर्मभगिनी व्हावे ही तिची लहानपणापासूनची ओढ; पण वडिलांनी बारा-तेरा वर्षांच्या या मुलीचे लग्न लोरेन्झो पोन्झियानीशी लावून दिले. सासरी येताच ती आजारी पडली. एके दिवशी तिची जाऊ वानोझ्झा हिनेही आपल्या मनातली तीच ओढ तिला सांगितली. झाले! दोघी जावा जिवलग मैत्रिणी बनल्या. (जावाजावांचे असे सख्य आपल्याकडेही विरळाच.) घरकाम आटोपून त्या इस्पितळात रुग्णांची सेवा करीत, गोरगरिबांना धान्य देत.

पुढे नेपल्सच्या राजाच्या फौजा रोममध्ये शिरल्या. लोरेन्झो जखमी झाला, वाडा लुटला गेला. मग साथ आली. मुलगा इव्हान्जेलिस्ता आणि पाठोपाठ मुलगी आग्नेस देवाघरी गेली. आपल्यापैकी ज्यांनी मूल गमावले आहे, त्यांना अधिक काय सांगावे? फ्रान्सिस्काने आपल्या वाड्यातच रुग्णांसाठी खाटा मांडल्या.

१५ ऑगस्ट १४२५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, वानोझ्झा व इतर काही स्त्रियांसह तिने सांता मारिया नोव्हा या चर्चमध्ये स्वतःला देवाला समर्पित केले. हे चर्च संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या ऑलिव्हेटन मठवासीयांचे. या स्त्रियांनी मठवासीयांसारखी व्रते घेतली नाहीत, घरही सोडले नाही. मठाच्या मार्गदर्शनाखाली प्रार्थना आणि सेवा करायची, संध्याकाळी आपापल्या चुलीपाशी परतायचे. आम्हांला यात तिचा खरा मोठेपणा दिसतो.

१४३३ साली यांतील काही जणींना एकत्र राहता यावे म्हणून तोर दे स्पेक्की येथे घर घेण्यात आले. संस्थापिका मात्र तेथे गेली नाही! लोरेन्झो थकला होता, त्याला सोडणे तिला पटेना. १४३६ साली तो वारल्यावरच तिने त्या घराचे दार ठोठावले.

चार वर्षांनी मुलगा बाप्तिस्ता आजारी पडला. त्याच्या शुश्रूषेसाठी गेलेली फ्रान्सिस्का तेथेच तापाने अंथरुणाला खिळली आणि ९ मार्च १४४० रोजी, ज्या वाड्यात ती नवरी म्हणून आली होती, त्याच वाड्यात तिने प्राण सोडला.