रेव्ह. थॉमस ब्रिजेस व याघान लोक

दक्षिण अमेरिका खंडाच्या अगदी टोकास टिएरा देल फ्यूगो नावाची थंड व वादळी बेटे आहेत. तेथील याघान लोक होड्यांतून फिरत आणि मासे, शिंपले व सील यांवर निर्वाह करीत. त्यांच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या रेव्ह. थॉमस ब्रिजेस यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

ते निराधार बालक होते. रेव्ह. डेस्पार्ड यांनी त्यांस पुत्रवत वाढविले व १८५६ साली फॉकलंडमधील केपेल बेटावरील मिशनस्थानी नेले. १८५९ साली वुलाया येथे उपासना चालू असता याघान लोकांनी मिशनच्या आठ जणांचा वध केला. डेस्पार्ड स्वदेशी परतले. हा तरुण मात्र राहिला आणि त्याच लोकांची भाषा शिकला. त्याच्या कोशात सुमारे ३२,००० शब्द आहेत! परक्या बोलीस कंटाळणाऱ्या उपदेशक बंधूंनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे १८६९ साली दीक्षा व विवाह झाला, आणि १८७१ साली ते सहकुटुंब उशुआया येथे राहिले. भटके लोक मिशनभोवती घरे व बागा करू लागले.

१८८४ साली आर्जेंटिना सरकारची जहाजे तेथे आली, व मागोमाग गोवर आला. गोवराचा विषाणू श्वासावाटे व खोकल्यावाटे पसरतो. पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस रोगी तो इतरांस देत असतो, म्हणून वेळेवर सावध होता येत नाही. आपल्याकडे बहुधा लेकरांस गोवर येई व थोरांस तो पूर्वीच येऊन गेलेला असे. याघानांत तो कोणासच आलेला नव्हता. बाप, आई, आजी, लेकरे एकदम आजारी पडली. पाणी द्यावयास व विस्तव राखावयास कोणी उरले नाही. थडगी खणणे पुरे पडेना. ब्रिजेस यांच्या लेकरांसही गोवर आला, परंतु ती बरी झाली. प्रतिबंधक लस १९६३ पर्यंत निघाली नव्हती. त्या वर्षी ब्रिजेस यांनी सुमारे १,००० याघान मोजले होते. १८८६ साली ४०० देखील भरले नाहीत.

यास ईश्वरी कोप म्हणणे आम्हांस मान्य नाही. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पांगलेल्या लोकांस प्रीतीने एकत्र वसविले, त्या दाटीतच रोगास वाट मिळाली. मिशनचा हेतू शुद्ध होता, पण मृतांस त्याचा काय उपयोग?

१८८६ साली ब्रिजेस यांनी मिशन सोडले व हार्बर्टन येथे मेंढ्या पाळल्या. उरलेल्या याघानांस तेथे काम व आसरा मिळे. १८९८ साली ते निवर्तले. त्यांचा कोश १९३३ साली छापला गेला. ती भाषा आईपासून शिकलेल्या शेवटच्या बाई, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ साली वारल्या. याघानांचे वंशज मात्र त्या बेटांवर अद्याप राहतात.