लोंढ्याच्या वाटेने गेलेले स्वामीजी

लोंढा जंक्शन आम्हा सर्वांच्या ओळखीचं. बेळगाव-खानापूरकडून येणारा लोहमार्ग इथे फुटतो. एक फाटा अळणावर-धारवाडकडे जातो, तर दुसरा तिनईघाट, कॅसलरॉक, दूधसागर करत घाट उतरून गोव्यात. आमच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी याच रुळांवर नोकरी केली. याच मार्गाने ऑक्टोबर 1892 मध्ये एक एकोणतीस वर्षांचा बंगाली संन्यासी गोव्याकडे गेला. पुढे सारं जग त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. त्यांचं चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचलेलं आहे. आज आम्ही ते आपल्या भागातल्या या प्रवासाच्या अंगाने सांगणार आहोत.

नरेंद्रनाथ दत्त यांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी कोलकात्यात झाला. वडील विश्वनाथबाबू नावाजलेले वकील, आई भुवनेश्वरीदेवी. कॉलेजात असताना दक्षिणेश्वरच्या श्रीरामकृष्णांची भेट झाली. 1884 मध्ये वडील अचानक गेले आणि सुखवस्तू घरावर उपासमारीची वेळ आली. 1886 मध्ये गुरूंनीही देह ठेवला. वराहनगरच्या पडक्या घरात गुरुबंधूंसह काही काळ काढून 1890 मध्ये नरेंद्रनाथ भारतभ्रमणाला निघाले.

हा प्रवास त्यांनी पैशाशिवाय केला. तिकीट कोणी काढून दिलं तर गाडी, नाहीतर पाय. मग पुढचा मुक्काम ठरायचा कसा? त्याचं उत्तर म्हणजे ओळखीची चिठ्ठी. एका गावचा यजमान पुढच्या गावच्या स्नेह्याला दोन ओळी लिहून द्यायचा आणि त्या दोन ओळींवर परक्या मुलखातलं दार उघडायचं. 1892 मध्ये मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेच्या डब्यातच त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली आणि मुक्काम टिळकांच्याच घरी झाला. तेव्हा टिळकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. पुढे कोल्हापूरला ते भावनगरच्या महाराजांच्या पत्रावर गेले. तिथले खासगी कारभारी गोळवलकर यांनी बेळगावचे वकील सदाशिवराव भाटे यांच्या नावे चिठ्ठी दिली.

भाट्यांच्या घरी स्वामीजी भल्या सकाळी पोचले. अंगावर भगवं वस्त्र, हातात उंच काठी, सोबत गीता आणि एखाददुसरं पुस्तक, एवढंच सामान. या संन्याशाने जेवणानंतर पानसुपारी मागितली, तंबाखूही मागितली, तेव्हा घरातली मंडळी चकित झाली. पण पाणिनीच्या व्याकरणापासून विज्ञानापर्यंत कशावरही ते बोलू लागले की गावातले वकील आणि विद्वान तासन् तास बसून राहत. तीन दिवसांनी ते वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहायला गेले. सुरुवातीला हरिपदबाबूंना साधू म्हटलं की शंकाच यायची. पुढे मात्र त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वामीजींकडून दीक्षा घेतली. स्वामीजींचं बेळगावात काढलेलं छायाचित्रही हरिपदबाबूंच्याच आग्रहामुळे आज आपल्याला पाहायला मिळतं.

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जाण्याचा विचार स्वामीजींनी बेळगावात बोलून दाखवला. हरिपदबाबूंनी लगेच वर्गणी जमवायची तयारी दाखवली. स्वामीजींनी ती थांबवली. आधी रामेश्वरापर्यंत जायचा संकल्प पुरा करायचा होता. हाती आलेली संधी त्यांनी बाजूला ठेवली. पुन्हा अशी मदत मिळेल याची खात्री कुणी द्यावी?

27 ऑक्टोबरला हरिपदबाबूंनी मुरगावचं तिकीट काढलं, स्वामीजींना डब्यात बसवलं आणि साष्टांग नमस्कार केला. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाटमार्ग तेव्हा नवाच होता, सुरू होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. खानापूरचं रान, लोंढा, मग ब्रिटिश हद्द संपवून पोर्तुगीज हद्दीत उतरणारे बोगदे आणि वळणं. मडगावात संस्कृतचे पंडित सुब्राय नायक यांनी त्यांचं स्वागत केलं. स्वामीजींना ख्रिस्ती धर्मशास्त्र मुळापासून वाचायचं होतं. नायकांच्या ओळखीने राशोलच्या जुन्या सेमिनरीचं ग्रंथालय त्यांना खुलं झालं. ब्रिटिश मुलखातल्या स्नेह्याने शब्द टाकला, गोव्यातल्या सारस्वत पंडिताने तो पुढे नेला आणि पाद्रींनी दार उघडलं.

डिसेंबरअखेर ते कन्याकुमारीला पोचले. 31 मे 1893 रोजी मुंबईहून बोटीने निघाले. शिकागोला मात्र हीच चिठ्ठी नडली. परिषदेला अवकाश होता, प्रतिनिधी म्हणून कोणत्याही संस्थेचं पत्र जवळ नव्हतं आणि पैसे संपत आले होते. हार्वर्डचे प्राध्यापक राइट यांनी शिफारसपत्र दिलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. 11 सप्टेंबरच्या भाषणाबद्दल आम्ही नव्याने काय सांगावं!

1897 मध्ये त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापन केलं. प्रकृती ढासळली तरी प्रवास थांबला नाही. हिमालयातल्या मायावती आश्रमाचे कॅप्टन सेव्हियर वारल्याचं कळताच, त्यांच्या पत्नीच्या सांत्वनासाठी ते ऐन थंडीत निघाले. काठगोदामला रेल्वे संपत होती. पुढची डोंगरवाट बर्फातून पार करत 3 जानेवारी 1901 रोजी ते आश्रमात पोचले. 4 जुलै 1902 रोजी बेलूर मठात त्यांनी देह ठेवला. वय अवघं एकोणचाळीस.

आज आपण मोबाइलवर तिकीट काढतो, लॉज आधीच ठरवतो. ते सोयीचं आहे आणि असावंच. पण त्या काळी अनोळखी माणसासाठी आपल्या नावावर दोन ओळी लिहून देणं ही जोखीम होती. गोळवलकर, भाटे, मित्र आणि नायक यांनी ती घेतली, तीही हा माणूस पुढे कोण होणार हे माहीत नसताना.

बेळगावात रिसालदार गल्लीतलं भाट्यांचं घर आणि किल्ल्यातलं हरिपदबाबूंचं निवासस्थान आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावं. आणि परत येताना शक्य तर लोंढ्याची गाडी धरावी. खानापूर सुटल्यावर खिडकीतून दिसतं ते रान स्वामीजींनीही पाहिलेलं आहे, हे मुलांना सांगायला विसरू नये.