गुरुवर्य कै. कृष्णराव अर्जुन केळुसकर

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा ठरलेला कार्यक्रम असतो. दहावी-बारावीस उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींस व्यासपीठावर बोलावून श्रीफळ व पुष्पहार दिला जातो, आईबापांचे डोळे पाणावतात आणि मंडळी भोजनास उठतात. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईस झालेल्या अशाच एका सत्काराची व तेथे उपस्थित असलेल्या एका शिक्षकाची हकीकत यंदाच्या स्मरणिकेत सादर करावी, असे आम्हांस वाटले. हे शिक्षक आपल्या समाजाचे नव्हते, वऱ्हाडचेही नव्हते. तरीही अचलपूर-परतवाड्याच्या प्रत्येक घरात त्यांचे नाव माहीत असावे, अशी आमची इच्छा आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळील केळूस ह्या गावी झाला. कोकणातून मुंबईस येऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि विल्सन हायस्कुलात अध्यापन केले. पगार शिक्षकाचा, परंतु व्यासंग पंडिताचा, असे त्यांचे जीवन होते. शाळेचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी संत तुकारामांचे चरित्र लिहिले, १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र मराठी वाचकांच्या हाती दिले. ह्या शिवचरित्राच्या आधारे प्रा. ताकाखाव ह्यांनी इंग्रजीत सिद्ध केलेला ग्रंथ १९२१ साली मुंबईस प्रकाशित झाला, व त्यायोगे महाराजांची कीर्ती परदेशी वाचकांपर्यंत पोहोचली. एवढ्या ग्रंथसंपदेवरच त्यांचे नाव राहिले असते. परंतु आज ते स्मरले जाते ते एका विद्यार्थ्यामुळे, आणि तो विद्यार्थी त्यांच्या वर्गात कधी बसलाही नव्हता!

गुरुजी सायंकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे एक शाळकरी मुलगा नित्य येऊन एकाग्रतेने पुस्तक वाचतो, हे त्यांच्या दृष्टीस पडले. चौकशी करता मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातील असून महार समाजाचा आहे, असे त्यांस कळले. नाव भीमराव रामजी आंबेडकर. परळच्या चाळीतील लहानशा खोलीत अनेक माणसांच्या गर्दीत अभ्यासास जागा मिळणे कठीण. शिवाय संस्कृत शिकण्याची मनापासून आवड असता शाळेत ती वाट बंद, म्हणून फारसी घ्यावी लागलेली. अशा मुलाशी त्या काळी किती शिक्षकांनी आपण होऊन बोलणे केले असते, हे वाचकांनीच मनाशी ठरवावे. गुरुजींनी केले. ते त्यास निवडक पुस्तके वाचावयास देऊ लागले, आणि मुलाचे वडील सुभेदार रामजी ह्यांच्याशीही त्यांचा स्नेह होता.

पुढे भीमरावाच्या यशाबद्दल त्याच्या समाजबांधवांनी सत्कारसभा भरविली. चरित्रकार ही सभा १९०७ साली मॅट्रिकच्या यशानंतर झाली असे लिहितात व तिचे अध्यक्ष समाजसुधारक सीताराम केशव बोले होते असे सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या एका प्रस्तावनेत ही सभा इंग्रजी चौथीनंतरची असल्याचे व केळुसकरच अध्यक्षस्थानी असल्याचे सांगितले आहे. बाबासाहेबांच्या त्या लेखनातील आणखी एक गोष्ट आपणा पालकांनी विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे. वडिलांनी सभेस प्रथम साफ नकार दिला होता. अशा कौतुकाने मुलाच्या डोक्यात वारे शिरेल, अशी त्यांस भीती वाटली. तेव्हा मंडळी केळुसकरांकडे गेली, त्यांनी सुभेदारांची समजूत घातली, आणि मग सभा झाली.

त्या सभेत गुरुजींनी मुलास आपणच लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाच्या मनावर खोल परिणाम झाला. बुद्धाचा विचार त्याच्या घरात तोवर आलेला नव्हता. तो एका शिक्षकाच्या हातून आला. ह्या भेटीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी वऱ्हाडातील खेड्याखेड्यांतून माणसे नागपूरच्या वाटेस लागली होती. मधल्या काळात बाबासाहेबांचा व्यासंग अफाट झाला होता आणि त्यांचा निर्णय हा त्यांच्या स्वतःच्या चिंतनाचा होता, हे खरेच. तथापि ह्या प्रवासातील पहिले पुस्तक कोणी दिले, ह्याची नोंद त्यांनी स्वतः आवर्जून करून ठेविली आहे.

आता आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग सांगावयाचा आहे. सत्कार करून गुरुजी घरी गेले, व गोष्ट तेथेच संपली, असे झाले नाही. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाला. इंटर झाल्यावर पेन्शनवर जगणाऱ्या सुभेदारांचा हात रिकामा झाला आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याचे बोलून दाखविले होते. गुरुजींनी ते नेमके लक्षात ठेविले, महाराजांची गाठ घेतली व भीमरावास त्यांच्यासमोर उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ह्या २५ रुपयांवर पदवीचा अभ्यास पुरा झाला. पुढे १९१३ साली बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर हा तरुण अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीस परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी हाच बागेत वाचणारा मुलगा होता. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ती परिषद भरली, त्या वेळी गुरुजी हयात होते. १९३४ साली त्यांचे देहावसान झाले. भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आपल्या विद्यार्थ्याकडे आलेले पाहण्याचे भाग्य मात्र त्यांस लाभले नाही.

केळुसकरांनी केले ते काय? मुलाकडे लक्ष दिले, पुस्तक दिले, बापाची समजूत घातली, आणि पैशाची अडचण आली तेव्हा योग्य दारी जाऊन उभे राहिले. ह्यांतील एकही गोष्ट श्रीमंताची नव्हे. आणि ती त्यांनी स्वतःच्या जातीच्या मुलासाठी नव्हे, तर ज्यास समाजाने शाळेतही दूर बसविले होते, अशा मुलासाठी केली.

आपण ज्ञातिबांधव एकत्र येतो, एकमेकांच्या सुखदुःखास धावून जातो, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्या मुलास आपण हार घातला, तो पुढल्या वर्षी कोठे आहे, त्याची फी भरली गेली की तो शिक्षण सोडून बाजारात कामास लागला, ह्याची विचारपूस आपण क्वचितच करतो, हे आम्ही आमच्यासकट सर्वांविषयी कबूल करतो. यंदापासून सत्कार झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका सभासद कुटुंबाने पदवीपर्यंत उभे राहावे, प्रत्येकास हारासोबत एक चांगले पुस्तक द्यावे, आणि शेजारच्या वस्तीतील होतकरू मूल दिसल्यास त्याची जात विचारू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. गुरुजींचे स्मरण ह्याहून निराळ्या रीतीने करता येईल, असे आम्हांस वाटत नाही.