काळ्या पतंगाचे गणित : प्रा. जे. बी. एस. हॉल्डेन

ज्यांनी विश्वविद्यालयात विज्ञानाची पदवी कधी घेतलीच नाही, असे एक गृहस्थ विसाव्या शतकातील थोर जीवशास्त्रज्ञांच्या पंक्तीत जाऊन बसले. आयुष्याची अखेरची सात वर्षे त्यांनी आपल्या देशात काढली आणि येथील नागरिकत्वही घेतले. ते प्रा. जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन होत.

त्यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास करीत. मुलाला ते खाणीत सोबत नेत. एकदा छताजवळ साठलेल्या वायूत त्यांनी त्याला उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलगा कोसळला. जमिनीलगत हवा चांगली होती, म्हणून शुद्धीवर आला. आजच्या पालकांना हे पटणार नाही, परंतु स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची सवय हॉल्डेनना जडली ती इथूनच. पुढे पाणबुडीतील माणसांसाठी केलेल्या प्रयोगांत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली.

ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन व तत्त्वज्ञान घेतले. बहिणीबरोबर घरी गिनीपिग पाळून आनुवंशिकतेचे नियम मात्र ते लहानपणापासून पडताळीत होते. पहिल्या महायुद्धात ते लढले, जखमी झाले, आणि मेसोपोटेमियातील जखमेनंतर काही काळ हिंदुस्थानात आले. या देशाची ओढ तेव्हापासूनची.

त्यांचे नाव ज्या कामाने राहिले ते 1924 साली सुरू झाले. इंग्लंडात मिरी शिंपडल्यासारखे ठिपके असलेला एक पांढुरका पतंग आढळतो. 1848 मध्ये मँचेस्टरजवळ त्याचा काळा प्रकार प्रथम नोंदला गेला. शतक संपेपर्यंत त्या भागात जवळजवळ सगळेच पतंग काळे झाले. या पतंगाची वर्षाला एक पिढी होते, म्हणजे हा सारा पालट जेमतेम पन्नास पिढ्यांत घडला. काळा रंग एकाच प्रभावी जनुकाने येतो. हॉल्डेननी समीकरण मांडून काढले की, इतक्या वेगाने पालट व्हायचा तर काळ्या पतंगांची मागे उरणारी प्रजा पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट असली पाहिजे. निसर्गनिवड फार मंद, कोणाच्या डोळ्यांना न दिसणारी, असे बहुतेक शास्त्रज्ञ तोवर मानीत होते. म्हणून हा आकडा कित्येकांना अविश्वसनीय वाटला.

कारण काय? गिरण्यांच्या काजळीने झाडांवरील दगडफूल मेले, साली काळ्या पडल्या. अशा सालीवर बसलेला पांढरा पतंग पाखराला लांबून दिसतो, काळा दिसत नाही. 1953 ते 1955 या काळात केटलवेल यांनी रानात पतंग सोडून हे तपासले. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले, तेव्हा मायकेल मजेरस यांनी 2001 पासून अनेक वर्षे केंब्रिजला पुन्हा निरीक्षणे केली आणि पाखरांचा वाटा पक्का ठरला. 1956 च्या कायद्याने धूर कमी झाला, तसे काळे पतंग घटत गेले. जनुक तेच, पण झाडाची साल बदलली की फायद्याचे तोट्यात जाते. 2016 साली काळ्या रंगामागील जनुकीय फरकही नेमका सापडला.

1949 मध्ये त्यांनी असेच एक अनुमान मांडले: रक्ताचे काही आनुवंशिक आजार मलेरियाच्या प्रदेशात टिकतात, कारण दोष एकाच पालकाकडून आलेल्या व्यक्तीला मलेरियापासून संरक्षण मिळते. सिकलसेलबाबत ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत हे दाखवून दिले. गडचिरोली, नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत हाच आजार आढळतो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. हॉल्डेन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. 1928 साली ज्यांनी त्यांना रशियात बोलावले, ते थोर शास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह 1943 मध्ये तेथील तुरुंगात मरण पावले, आणि 1948 मध्ये लिसेंकोच्या हट्टापायी आनुवंशशास्त्रच त्या देशात बाद ठरले. एरवी कोणाचीही भीड न ठेवणारे हॉल्डेन तेव्हा स्पष्ट बोलले नाहीत. लिसेंकोच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का, हेच शोधत राहिले. पुढे ते पक्षापासून दूर झाले, पण बोलायची वेळ निघून गेली होती.

1957 साली, सुएझवरील हल्ल्याचा निषेध करीत, पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आले. कुर्ता-पायजमा घालू लागले, मांसाहार सोडला. आपल्याकडे महागडी यंत्रे नाहीत, या तक्रारीला त्यांच्यापाशी थारा नव्हता. एका सहकाऱ्याला त्यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजायला बसवले. द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या झुडपांपाशी बसून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर जाते याच्या नोंदी केल्या. एकेका जातीची आवड वेगळी निघाली, आणि एकाच वनस्पतीच्या दोन रंगांमध्ये परागांची देवघेव कमी होत जाऊन त्या वेगळ्या कशा पडू शकतील, याचा धागा हाती आला. जयकर यांनी माळटिटवीची घरटी पाहिली. ही टिटवी कोरड्या दिवसांत उघड्या जमिनीवर मातीच्याच रंगाची अंडी घालते. तो अभ्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. वही, पेन्सिल आणि चिकाटी, एवढेच काय ते भांडवल.

संस्थेशी मतभेद होऊन 1961 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढल्या वर्षी ओरिसा सरकारच्या साहाय्याने भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. तिला फार दिवस लाभले नाहीत. कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊनही दुखणे उलटले आणि 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आला.